दुखणं पायात, मूळ कमरेत

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी सहज चढायचे. उतरताना मात्र पोटऱ्या भरून यायच्या आणि मध्येच बसावं लागायचं. इतरांचं बहुधा उलट असतं, शंका तिथेच यायला हवी होती. पण वय ६४, त्यात दहा वर्षांची शुगर. पायातल्या मुंग्या मधुमेहाच्या नावावर आणि जडपणा वयाच्या नावावर टाकत मी आठ महिने काढले. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या झाल्या, गुडघ्यांचा एक्स-रे झाला. कंबर फारशी दुखतच नव्हती, मग तिकडे बघणार कोण?

ओट्याशी उभं राहून पोळ्या करताना पाचव्या-सहाव्या पोळीलाच पाय ओंडक्यासारखे व्हायचे. नकळत मी ओट्यावर कोपरं टेकून वाकायचे, की दोन मिनिटांत बरं वाटायचं. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरायचे, पण बँकेच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहवत नसे. सुनेने ते टिपलं. म्हणाली, "आई, तुम्ही हल्ली वाकूनच चालता."

अस्थिरोगतज्ज्ञांनी जो प्रश्न आधी विचारला, तो आजवर कुणीच विचारला नव्हता: "दुखायला लागलं की नुसतं थांबून भागतं, की बसावंच लागतं?" पायाचा रक्तपुरवठा कमी पडत असेल तर जागेवर उभं राहिलं तरी पोटरी मोकळी होते. नसा दबल्या असतील तर उभं राहून उपयोग नसतो, बसावं किंवा वाकावं लागतं. त्यांनी पावलांवरच्या नाड्या चाचपल्या, त्या नीट लागत होत्या. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी नसांची वाट अरुंद झालेली दिसली: मणक्यांमधली चकती फुगलेली, मागचा अस्थिबंध (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) जाड, सांधे वाढलेले. ताठ उभं राहिलं की ही जागा आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी सैल होते. पर्वतीचं कोडं तिथे सुटलं. चढताना आपण पुढे झुकतो, उतरताना कंबर मागे जाते.

एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, मीही ठासून सांगते. लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच घडीला मोठं हॉस्पिटल गाठायचं.

माझ्यावर ऑपरेशनची वेळ आलेली नाही. तीन महिने फिजिओथेरपी झाली, गुडघे छातीशी घ्यायचा व्यायाम आणि घरातली जागेवरची सायकल रोज चालू आहे. पोळ्या बसूनच लाटते. भाजी चिरताना एक पाय छोट्या पाटावर ठेवते. एका वहीत लिहिते: किती मिनिटं चालले, कुठे बसले, कशाने बरं वाटलं. तपासणीला जाताना ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवते. सुरुवातीच्या पानांवर ६ मिनिटं, ७ मिनिटं असं आहे. काल मंडईत २० मिनिटं झाली, मग कट्ट्यावर टेकले.