वाख किती घालायचा? आधी माती बघा

सोलापूरकडं मातीची भिंत किंवा गिलावा करायचं ठरलं की पहिला प्रश्न वाखाचा, म्हणजे मातीत मिसळायच्या वनस्पतीच्या धाग्याचा असतो. त्याआधी माती कुठली, ते विचारा. रानातली काळी माती फुकट मिळते म्हणून लोक तीच उचलतात आणि फसतात. ती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते. मोहोळ-मंगळवेढ्याकडं उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगा बघा. तो जोर वाखानं आवरत नाही. वाख असला की एका रुंद भेगेऐवजी बारीक-बारीक चिरा पडतात, माती धरून राहते. त्याचं काम तेवढंच.

म्हणून पांढरी माती घ्या आणि तपासा. ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ४ सेंमी खोल लाकडी साच्याला आतून तेल लावा, कालवलेली माती दाबून भरा, आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग तुकडे एका कडेला सरकवून मोकळी जागा मोजा. २ सेंमीच्या वर निघाली तर वाळू वाढवा, वाख नव्हे.

वाख घायपाताचा, म्हणजे आपल्या केकताडाचा चांगला. पात ठेचून गर पुरता धुऊन काढा. राहिलेला गर कुजतो आणि धाग्यालाही कुजवतो. रसानं अंगाला खाज सुटते, ते वेगळंच. वाळलेला धागा ३ ते ५ सेंमी कापायचा. १०० किलो कोरड्या मातीला अर्धा ते एक किलो पुरतो. ५ सेंमीहून लांब धागा फावड्याला गुंडाळत बसतो.

चूक होते ती कालवताना. चिखलात वाखाची मूठ टाकली की गोळा होतो, आणि तिथला गिलावा वाळल्यावर ठोकला की बद्द वाजतो. धागा हातानं पिंजून कोरड्या मातीवर थराथरानं भुरभुरा, माती खालीवर करा, पाणी त्यानंतर.

वाखाऐवजी गव्हाचा भुसा घालायचा तर तंत्र उलटं. तो चिखलात आठवडाभर मुरवायचा, अधूनमधून तुडवायचा. मुरल्यावर चिखलाला चिकटपणा येतो. कडब्याची कुट्टी नको, ज्वारीच्या धाटातला मऊ भेंड पाणी पितो. शिवाय कडब्याचा भाव बघता तो जनावरांपुढंच बरा.

काळ्या मातीशिवाय इलाजच नसेल तर वजनाच्या ४ ते ६ टक्के चुना मिसळून, ओली करून, दोन दिवस झाकून ठेवा, वाख नंतर. पण चुना धाग्याला खातो, काही वर्षांत तो ठिसूळ होतो. अशा वेळी काथ्या त्यातल्या त्यात टिकतो. ताग तर ओलीत लवकर कुजतो.

काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांत उरका. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला ओला राहतो, मग वाख असूनही गिलावा फुटतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर भिंतीवर ओलं गोणपाट सोडा. वाखाचा थर १५ ते २० मिमी. वरचा हात पातळ, चाळलेली माती, वाळू आणि शेणाचा. त्यात वाख घातला तर धाग्यांची टोकं बाहेर येतात आणि भिंत अंगाला घासते.