शोधाची चौकट, पाच तुकडे आणि दुतोंड्या मारुती

सॅम बार्लोचा 'हर स्टोरी' हा व्हिडिओ गेम २०१५चा. १९९४ सालच्या सात पोलिस जबान्यांचे २७१ व्हिडिओ-तुकडे आणि खेळणाऱ्याच्या हातात फक्त शोधाची चौकट. शब्द टाकला की तो ज्या तुकड्यांत बोलला गेलाय ते सापडतात, पण तारखेच्या क्रमाने पहिले पाचच बघता येतात. सगळी मेख या पाचांत आहे. नेहमीच्या शब्दाला सुरुवातीच्याच जबान्या हाती लागतात. शेवटच्या जबानीपर्यंत पोचायला तिथंच आलेला एखादा आडवळणाचा शब्द पकडावा लागतो.

हाच साचा मराठीत, नाशिकमध्ये घडणाऱ्या गोष्टीला लावायचा तर पहिली खोट विभक्तीची. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण जबानीत तो 'गंगेवर', 'गंगेच्या कडेला' असंच बोलणार. शोधात 'गंगा' टाकलं तर काहीच येणार नाही. सुरुवातीची अक्षरं जुळवायची युक्ती 'घाट-घाटावर'ला चालते, 'गंगा-गंगेवर'ला फसते. म्हणून प्रत्येक तुकड्यापुढे मूळ शब्द हातानं लिहावेत. ४० तुकडे असतील तर हे काम फार नाही. शिवाय जुळवण्याआधी दोन्हीकडच्या दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व करून टाका. 'पाणि' लिहिणाऱ्यालाही 'पाणी' मिळालंच पाहिजे. शुद्धलेखनाची परीक्षा थोडीच घ्यायचीय!

आता वेळेचा प्रश्न. साक्षीदाराच्या तोंडी तारीख घालू नका, नाशिकला पुराचं माप आयतं आहे: गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. एक जण म्हणतो, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी होतं." दुसरा म्हणतो, "छातीशी आलं होतं." गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर घाटावर आधी कोण होतं, हे खेळणारा आपलं आपण लावतो. गोची अशी की पूर ओसरतानाही पाणी कमरेला येतंच. पाणी चढत होतं की उतरत होतं, हे तिसऱ्याच कुणाच्या तरी तुकड्यात ठेवा, नाहीतर एका प्रश्नाची दोन उत्तरं निघतील. बाहेरगावच्या खेळाडूला मूर्तीच्या उंचीचा अंदाज नसतो. एका तुकड्यात ती दिसू द्या.

शूटिंग सोपं: एक खोली, एक खुर्ची, मोबाइलचा फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक, कॉलरला माइक. एका जबानीला एकच शर्ट, म्हणजे तुकडा कुठल्या दिवसाचा ते बघताक्षणी कळतं. ४० सेकंदांचे ४० तुकडे २.५ एमबीपीएसने (सेकंदाला २.५ मेगाबिट) साधारण ५०० एमबी होतात.

बिघडतं ते शूटिंगनंतर. संहितेत 'गंगेवर' असतं आणि नट सहज 'नदीवर' म्हणून जातो. त्या तुकड्याकडे नेणारा तेवढा एकच शब्द असेल तर तो तुकडा कायमचा बुडाला. म्हणून शोधाची यादी संहितेवरून करू नये, ऐकून उतरवलेल्या शब्दांवरून करावी. मग तारीखवार तक्त्यात प्रत्येक शब्द मोजायचा: जो पाचपेक्षा जास्त तुकड्यांत येतो तो सहाव्यापासून पुढच्यांना उपयोगाचा नाही. प्रत्येक तुकडा निदान दोन शब्दांना पहिल्या पाचांत यायला हवा, आणि ते दोन्ही शब्द खेळणाऱ्याच्या कानावर दुसऱ्या कुठल्या तरी तुकड्यात आधी पडलेले हवेत. ज्याला असे दोन शब्द नाहीत, त्याचं तेवढंच वाक्य पुन्हा शूट करायचं. शर्ट मात्र तोच.