दोघे की दोघी

माहितीपटांच्या डबिंगसाठी मराठी संहिता लिहिणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं आम्ही चित्र बघत लिहितो. चित्र क्वचितच हाती येतं. येते ती एक्सेल शीट: डावीकडे इंग्रजी वाक्य, शेजारी सेकंद. नऊ सेकंदांचं वाक्य मराठीत बाराचं होतं, मग विशेषणं छाटायची. चित्र मागितलं की ‘गोपनीय आहे’ असं उत्तर. जगाला दाखवायची फिल्म, आणि जी लिहिणार तिच्यापासूनच लपवायची!

त्या शीटमध्ये स्पेसवॉकचा प्रसंग होता. अंतराळ स्थानकाच्या बॅटऱ्यांचं चार्जिंग सांभाळणारं एक युनिट बंद पडलं, ते बदलायला दोन अंतराळवीर बाहेर गेले. तारीख 18 ऑक्टोबर 2019, वेळ 7 तास 17 मिनिटं. त्या युनिटच्या नावावर मी तासभर घालवला. आणि एक क्षणही न थांबता लिहिलं, ‘दोघे एअरलॉकमधून बाहेर पडले.’

रेकॉर्डिंगला निवेदन वाचणारे सर माइकसमोर बसले. पडद्यावर पांढरे सूट, एकावर लाल पट्टे, सोनेरी काचेआड चेहरे दिसेनात. वाक्य संपलं आणि रेकॉर्डिस्टने हात वर केला. एरवी तो दिवसभरात चार शब्द बोलतो.

“मॅडम, खालच्या ट्रॅकवर तर बायका बोलतायत.”

मूळ आवाज फक्त त्याच्या हेडफोनमध्ये होता. मी हेडफोन लावला. खरखर, आणि त्यातून एकमेकींशी शांतपणे बोलणाऱ्या बायका. क्रिस्टिना कुक आणि जेसिका मीर. फक्त बायकांनी केलेला पहिला स्पेसवॉक! नावं पडद्यावरच्या पट्ट्यांत होती, आणि पट्ट्यांची फाइल वेगळी येते, सगळ्यात शेवटी.

पण दोष फाइलवर ढकलता येत नाही. ही बातमी मी तेव्हा वाचली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये मध्यम मापाचा दुसरा सूट वेळेत तयार नाही म्हणून हा बेत बदलला, तेव्हा मी घरात तणतणलेसुद्धा होते. तीच मी ‘दोघे’ लिहून बसले.

‘दोघे पडले’चं ‘दोघी पडल्या’ करायला वेळ लागला नाही. एजन्सीच्या मुलाने फोनवर ‘वीरांगना’ सुचवलं. वीरांगना म्हटलं की मला घोड्यावरची राणी दिसते. ‘दोघी अंतराळवीर’, बास.

खरी अडचण पुढच्या तुकड्यात. इंग्रजीत तिथे नाव मुद्दाम शेवटपर्यंत लपवलेलं. ‘धिस इंजिनिअर’ असं म्हणत कुकचं आयुष्य सांगायचं आणि शेवटी चेहरा दाखवायचा. माझ्या कागदावर ‘हा इंजिनिअर हिवाळाभर दक्षिण ध्रुवावर राहिला.’ ‘राहिली’ केलं तर गंमत गेली, ‘राहिला’ ठेवलं तर खोटं. स्टुडिओचं भाडं तासावर. सर चहा घेऊन आले तरी मी पेन्सिल चावतेय.

मग सुचलं: ‘या इंजिनिअरने हिवाळा दक्षिण ध्रुवावर काढला.’ काढला तो हिवाळा! ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. शाळेत कर्मणी प्रयोगाने छळलं होतं, त्याचे पैसे त्या दिवशी वसूल झाले. तिथून वाट सापडली. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या कण मोजणाऱ्या उपकरणासाठी ‘याच हातांनी काम केलं’. अंतराळात एका दमात ‘328 दिवस काढले’. चंद्राला वळसा घालून येणाऱ्या आर्टेमिस 2 मोहिमेसाठी 2023 च्या एप्रिलमध्ये चौघांत ‘निवड झाली’. झाली ती निवड. मग पडद्यावर चेहरा, आणि पहिल्यांदा ‘ती’.

सरांनी एका टेकमध्ये वाचलं. रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. कुकचं स्पेलिंग बघून सर तिला आधी ‘कोच’ म्हणाले, ते तेवढं पुन्हा घेतलं.

घरी येऊन त्या आठवड्यातल्या बाकीच्या शीट उघडल्या. एक फिल्म दवाखान्यावरची होती. इंग्रजीत नुसतं ‘द नर्स एंटर्स’. मी लिहिलं होतं, ‘नर्स आत येते, तिच्या हातात ट्रे आहे.’ चित्र तिथेही नव्हतं.