नख सुटतंय? आधी ती सेफ्टी पिन लांब ठेवा

नखं पांढरी दिसायला लागली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, कॅल्शियम कमी झालंय. दुसरं, फंगस असणार, मेडिकलमधून ट्यूब आण. माझ्या मावशीने दोन्ही करून बघितलं. तिचं पोळीभाजीच्या डब्यांचं काम आहे, म्हणजे पहाटेपासून हात कणकेत नाहीतर पाण्यात, मधे मेथी निवडणं, लसूण सोलणं, आणि शेवटी ढीगभर डबे घासणं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं टोकाकडून सुटायला लागली. दुखत बिखत काही नव्हतं, नुसता तो टोकाचा पांढरा भाग, आपण कापतो तो, आत आत सरकायला लागला. पांढरं दिसतं कारण नख आणि खालची कातडी यांच्यामधे हवा शिरलेली असते, त्याचा कॅल्शियमशी काही संबंध नाही, पण गोळ्यांची बाटली घरात आली ती आलीच.

मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब तर अजूनच भारी, फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड सगळं एकत्र. अशा मिक्स ट्यूबा आपल्याकडे खाजेपासून गजकर्णापर्यंत सगळ्याला लावतात आणि स्किनवाले डॉक्टर त्यावर कायम वैतागलेले असतात. बरं, नख इतकं जाड असतं की वरून चोळलेलं क्रीम आत फारसं जातही नाही.

शेवटी स्किन स्पेशालिस्टकडे नेलं. त्या बाईंनी नखांआधी मावशीच्या बांगड्यांकडे बघितलं. बांगडीला तीन-चार सेफ्टी पिना, हे तर आपल्या घराघरातलं दृश्य. त्यांनी विचारलं, "मावशी, नखातली कणीक कशाने काढता?" मावशी म्हणाली, "हिनेच की, दुसऱ्या कशाने निघते होय?" तिथेच निम्मं निदान झालं.

म्हणजे कसं होतं, नखाच्या टोकाखाली कातडीचं एक घट्ट सील असतं, पाणी-घाण आत जाऊ नये म्हणून. हात सारखे पाण्यात असले की नख फुगतं, वाळलं की आकसतं, त्यात भांड्याच्या साबणाने कातडी कोरडी पडते आणि ते सील सैल होतं. मग आत कणीक अडकते, ती काढायला पिन जाते, पिनेने अजून थोडं सुटतं, मग अजून आत अडकते, परत पिन. त्यात नख लांब असेल तर ते पहारीसारखं काम करतं, टोकाला जरा दाब आला की मुळाकडे उचकटतं. हातांच्या नखांमधे हे पाणी आणि टोकरणं फार कॉमन आहे आणि फंगस बऱ्याचदा नंतर येते, मोकळी ओली जागा मिळाली म्हणून.

पण फंगस नाहीच असं बघून सांगता येत नाही, म्हणून त्यांनी नखाचा तुकडा आणि खालची भुकटी केओएच टेस्टला पाठवली. साधी टेस्ट आहे, पोटॅशियम हायड्रॉक्साईडमधे नख विरघळवून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे शोधतात. मावशीच्या रिपोर्टमधे काही निघालं नाही. निघालं असतं तर टर्बिनाफिनच्या गोळ्या, साधारण २५० मिग्रॅ रोज, हाताला ६ आठवडे आणि पायाला १२, आणि त्याआधी लिव्हरची तपासणी. हे आकडे वाचून स्वतः गोळ्या सुरू करू नका प्लीज, सांगायचं एवढंच की इतका मोठा कोर्स टेस्ट न करता नुसत्या अंदाजावर कशाला घ्यायचा.

खरा इलाज ऐकून मावशीचा चेहरा पडला, कारण औषध जवळजवळ नाहीच! सुटलेलं नख परत चिकटत नाही, कितीही काही लावा. सुटलेला भाग जिथपर्यंत चिकटलंय तिथपर्यंत कापून टाकायचा (त्यांनी क्लिनिकमधेच कापला, दिसायला भयंकर, दुखलं अजिबात नाही), जागा कोरडी ठेवायची, खाली काहीही घालायचं नाही, आणि नवीन नख मागून चिकटत येईपर्यंत थांबायचं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, म्हणजे पूर्ण यायला ४ ते ६ महिने, पायाच्या अंगठ्याचं तर वर्ष-दीड वर्ष. आणि "होईल हळूहळू" म्हणून वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर खालची कातडी निबर होते, मग नवीन नखही तिला नीट चिकटत नाही.

एका नखाखाली हिरवट डाग पण होता, त्याने घरी सगळे घाबरले होते. तो ओल्या जागेत वाढणाऱ्या स्युडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा रंग. त्यासाठी नख कापून झाल्यावर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग करून त्यात थोडा वेळ बोट बुडवायला सांगितलं, मग नीट कोरडं करायचं. डाग लगेच जात नाही, नखाबरोबर पुढे सरकत जातो. शेजारच्या काकूंनी लिंबात बोट खुपसायला सांगितलं होतं, पण तो उपाय लोक नखुरड्याला करतात, म्हणजे नखाच्या कडेला सुजून ठणकतं ते, ते प्रकरण वेगळं.

आता सगळ्यांचंच कारण पाणी नसतं. नखांवर बारीक खड्डे आणि खाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट-तांबूस डाग असेल तर सोरायसिसचा संशय घेतात, अंगावर चट्टे नसले तरी. बरीच नखं एकदम सुटताहेत आणि सोबत वजन उतरतंय, धडधडतंय, उकडतंय, तर थायरॉईड तपासतात. पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन चालू असताना उन्हात फिरलं तरी नखं सुटू शकतात, आणि केमोच्या काही औषधांनी पण. ट्रेकवाल्यांचं वेगळंच, गड उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडून सुटतं. तिथे नख ओढून काढू नये, सुटं टोक कापून झाकून ठेवावं. डायबेटिस असेल तर पायाच्या नखाशी घरी अजिबात खेळू नका, सरळ डॉक्टर.

जेल नेल्सबद्दल तर माझं मत वाईटच आहे. लांब नखाची ओढ, काढताना घासणं-उचकटणं, आणि वर त्यातल्या ॲक्रिलेटची काहींना ॲलर्जी येते. ती एकदा आली की सहसा जात नाही, आणि तेच केमिकल दातांच्या काही फिलिंगमधेही असतं, म्हणजे नखाची हौस पुढे डेंटिस्टकडे पण आडवी येऊ शकते.

आणि एकाच बोटाचं नख काही केल्या सुधारत नसेल, खाली गाठ वाटत असेल, किंवा मार न लागता काळा पट्टा दिसत असेल तर मात्र वाट बघू नका, लगेच दाखवा, कारण क्वचित त्यामागे कॅन्सरही असतो.

मावशीला आता डबे घासायला रबरी ग्लोव्हज आणि आतून सुती ग्लोव्हज घालायचेत, कारण नुसत्या रबरात हात घामाने ओलाच राहतो. सुती दोन-तीन जोड घेतलेत, वाळायला वेळ लागतो म्हणून. कणीक मात्र ग्लोव्हज घालून मळणार नाही म्हणाली, पोळ्या बिघडतात. त्यावर डॉक्टरांनी पण जास्त ताणलं नाही, नखं एकदम बारीक ठेवा आणि मळून झाल्यावर हात धुऊन नीट पुसा म्हणाल्या. पिना आता बांगडीऐवजी फ्रिजवरच्या डबीत असतात, आणि साडी नेसताना रोज त्या डबीवरून आरडाओरडा होतो.