तूर यायच्या आधीचे तीन दिवस

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्याकडे तुरीच्या शेंगा वाळायला लागतात आणि मी माझी लांबट वही बाहेर काढते. २७ डिसेंबर ही भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती. त्याच सुमारास अकोल्याला त्यांच्याच नावाच्या कृषी विद्यापीठाच्या मैदानावर ॲग्रोटेक प्रदर्शन भरतं. सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूर गाठायचं आणि तिथून गाडीनं अकोला. शकुंतला ही छोटी रेल्वे चालू होती तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, कारंज्याहून तिनंच मूर्तिजापूरला यायचे; आता ते रूळ गवतात आहेत, आणि दरवेळी फाटकावरून जाताना मला ते बघवत नाही.

मी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कामकाज बघते. ३८० सभासद, एक गोदाम आणि विद्यापीठाच्याच आराखड्याची एक पीकेव्ही मिनी डाळ मिल. आमची स्पर्धा अकोल्याच्या मोठ्या मिलांशी नाही, ती आमच्याच पट्ट्यातल्या आठ-दहा मिलांशी आहे. कोण किती तूर घेणार, कोण डाळीला पॉलिश करणं सोडतंय, कोणाची डाळ अमरावतीच्या कोणत्या दुकानात चालते, हे आधी कळलं तर आमच्या सभासदाला दोन पैसे जास्त देता येतात. उशिरा कळलं तर गोदामात डाळ पडून राहते आणि मी लोकांना तोंड चुकवत फिरते. म्हणून सांगते, प्रदर्शन हे आमच्यासाठी फिरायचं ठिकाण नाही. तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे ते शेवटचे दिवस असतात, ज्यात सगळे एकाच मैदानावर उभे सापडतात.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. एका मिलवाल्या भाऊंच्या स्टॉलवर मी किराणा दुकानदार म्हणून गेले. वर्ध्याला दुकान आहे म्हणून सांगितलं. त्यांनी भाव सांगितला, उधारीचे दिवस सांगितले, साल सुटावं म्हणून तेल-पाणी देऊन तूर किती दिवस वाळवतात तेही सांगितलं. एवढंच नाही, दोन किलोचा नमुना फुकट दिला आणि पुढच्या आठवड्यात वर्ध्याला फेरी आहे, येतो म्हणाले. मी खोटा पत्ता दिला. घरी येऊन ती डाळ शिजवली तेव्हा घास गिळवेना. तो माणूस वर्ध्यात ते दुकान शोधत फिरला असेल तर? माहिती माझ्या वहीत आली होती, पण ती वापरायची मला लाज वाटली.

दोन वर्षांनी त्यांचा स्टॉल पुन्हा दिसला. मी सरळ जाऊन खरं नाव, गाव, कंपनी सांगितली आणि माफी मागितली. ते म्हणाले, “मले तवाच समजलं होतं ताई. दुकानदार भाव इचारते, उधारी इचारते. तेल-पाण्याचं कोणी इचारत नाई.” मग त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. वर्ध्याला ते गेलेच नव्हते. आपण काय विचारतो यावरून समोरच्याला आपण कोण ते कळतं, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं. तेव्हापासून मी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालूनच फिरते. आणि खरं सांगते, ओळखपत्र बघून बंद झालेल्या तोंडांपेक्षा उघडलेली तोंडं जास्त आहेत. मिलवाल्याला मिलवाल्याशीच मनातलं बोलायचं असतं: विजेचं, हमालीचं, ओल्या तुरीचं.

सगळ्यात मोठी बातमी मात्र मला कोणत्याही मिलवाल्यानं दिली नाही. ती मशीनवाल्यांच्या मंडपात मिळाली. रंग ओळखून काळा, डागी दाणा हवेच्या झोतानं उडवणारं मशीन, ज्याला सगळे सॉर्टेक्स म्हणतात, ते बघायला मी आणि आमचे भाऊजी गेलो होतो. दर्शनी विक्रीवाला पोरगा किंमत सांगत होता. ती ऐकून मी मागे गेले, जिथं मशीन जोडणारा मेकॅनिक पाना घेऊन बसला होता. शेवटचा दिवस, दुपारचे चार. गर्दी ओसरली की या लोकांना बोलायला वेळ असतो. त्याच्याकडून कळलं की किमतीत कॉम्प्रेसर नाही, हवा कोरडी करायचं यंत्र नाही, आणि आमच्यासारखा व्होल्टेज असेल तर स्टॅबिलायझर वेगळा. मग तो आपणहून म्हणाला, दिवाळीत तुमच्याच भागात एक बसवलं, ताशी एक टनाचं, दोन पाळ्यांत चालते.

कोणाकडे, ते मी विचारलं नाही. तो त्याच्या मालकाचा ग्राहक, त्याचं नाव काढून घेणं बरं नव्हे. आणि मला नावाची गरजही नव्हती. एसटीत बसल्या बसल्या मी हिशेब केला. ताशी एक टन, सोळा तास, म्हणजे दिवसाला १६ टन डाळ. शंभर किलो तुरीतून साधारण ७२ किलो डाळ धरली तर रोज २२ टन, म्हणजे २२० क्विंटल तूर लागणार. एवढी तूर एकट्यानं उचलणारा खरेदीदार आमच्या बाजार समितीत उभा राहिला, तर फेब्रुवारीत आमच्या काट्यावर काय येणार?

पण मशीनची ताकद आणि प्रत्यक्ष काम यांत फरक असतो, म्हणून मी घाई केली नाही. पुढच्या आठवड्यात बाजार समितीतल्या हमालांना विचारलं, नवीन कोणाचे ट्रक भरता का. गावात म्हशी राखणाऱ्या काकाजींना विचारलं, तुरीची चुनी कुठून येते आजकाल. चुनी म्हणजे डाळ भरडताना उरणारा, जनावरांना घालायचा चुरा. डाळ जास्त निघाली की चुनी जास्त निघते, आणि चुनी लपवता येत नाही. काकाजी म्हणाले, “यंदा चुनी सवंग झाली बाप्पा, रोज गाडी येऊन रायली.” तिन्हीकडून एकच निघालं. संचालकांची बैठक घेतली आणि ५ जानेवारीपासून वजनकाटा गावोगाव नेऊन, काही रक्कम जागच्या जागी देऊन सभासदांची तूर उचलायला सुरुवात केली. फेब्रुवारीअखेर ६४० क्विंटल गोदामात होती. आमच्या मिलला हंगामभर पुरेल एवढी. सॉर्टेक्स घेतलं नाही. आमच्या बायका सुपावर निवडतात ती डाळ आम्ही तसंच सांगून विकतो.

बोलणाऱ्या माणसांइतकीच पाकिटंही बोलतात. प्रत्येक स्टॉलवरून मी अर्धा किलोचं एक पाकीट पैसे देऊन घेते. पुढचं चित्र मी बघतच नाही, मागची बारीक अक्षरं वाचते. अन्न परवान्याचा नंबर चौदा आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उद्योगाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, त्यानंतरचे दोन वर्षाचे. तो परवाना कोणत्या साली निघाला ते तिथंच कळतं. जीएसटी नंबर मिळाला तर सरकारी पोर्टलवर कोणालाही तो टाकून नोंदणीची तारीख आणि पत्ता बघता येतो. यात चोरी काहीच नाही, ही माहिती सगळ्यांसाठीच छापलेली असते. पॅकिंग करणारा आणि विकणारा वेगळा असेल तर तेही लिहिलेलं असतं. एकदा समोरासमोरच्या दोन स्टॉलवरच्या दोन ब्रँडची डाळ एकाच पत्त्यावर भरलेली निघाली. म्हणजे ज्यांना मी आमचे दोन स्पर्धक समजत होते, त्यांची स्वतःची मिलच नव्हती. त्यातल्या एकाला मी फोन केला, आणि आज तो आमच्याकडून ३० किलोचे कट्टे घेतो.

आपलं जसं कान लावून असतं, तसं दुसऱ्यांचंही असतं. एका वर्षी आम्ही स्वतः स्टॉल लावला. बचत गटाची एक पोरगी, फार गुणाची, गिऱ्हाइकाशी मनमोकळं बोलायची. एका गृहस्थांनी कौतुक करत करत तिच्याकडून अमरावतीचा आमचा व्यापारी आणि त्याला लावलेला भाव काढून घेतला. महिन्याभरात त्या व्यापाऱ्याला दुसरीकडून कमी भाव मिळाला आणि आमचं गिऱ्हाईक गेलं. तिला मी एका शब्दानं बोलले नाही, कारण तिला सांगायचं काम माझं होतं. आता स्टॉलवर बसायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या अंगणात बसतो आणि ठरवतो: डाळ कशी करतो हे भरभरून सांगायचं, माल कोणाला जातो आणि काय भावानं जातो हे ताईंना विचारा म्हणायचं. पोरी एकमेकींना प्रश्न विचारून सराव करतात.

चर्चासत्रांत मला भाषणापेक्षा नंतरचे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. मागच्या रांगेतून कोण साठवणुकीचं विचारतंय, कोण निर्यातीचं, यावरून कोणाच्या मनात काय चाललंय ते दिसतं. एकदा मात्र जेवणाच्या मंडपात चार-पाच मिलवाले यंदा तुरीला सगळ्यांनी मिळून एकच भाव द्यायचा असं बोलू लागले. मी ताट उचलून दुसरीकडे बसले. २००२ च्या स्पर्धा कायद्यात अशा संगनमताला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी ज्याच्या तुरीचा भाव पाडायचा होता तो माझाच सभासद आहे.

मामाजींचे काका १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन बघायला गेले होते. भाऊसाहेबांच्या भारत कृषक समाजानं भरवलेलं. अमेरिकेचे आयझेनहॉवर आले होते त्याच्या सुरुवातीला. काका घरी सांगायचे की त्यांनी पंधरा दिवस रोज रात्री कंदिलाच्या उजेडात लिहून ठेवलं, कारण सकाळी निम्मं विसरलेलं असायचं. मीही एसटीत बसल्यावर पहिल्यांदा वही उघडते, मग डबा.

यंदाच्या वहीचं पहिलं पान भरून झालंय. बाहेरच्या देशांतून आलेली तूर आमच्या पट्ट्यातल्या कोणत्या मिला मिसळताहेत? चुनीचा भाव अजून उतरतोय का? विनापॉलिश डाळ म्हणून विकणारे किती, आणि त्यांच्याकडे पॉलिशचं मशीन बंद पडलंय की विकलंय? चौथी ओळ मामाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलीय: त्या तेल-पाणीवाल्या भाऊंना आपली नवीन डाळ दोन किलो नेऊन देणे.