ऊन लागलेला प्रोसेसर

जानेवारीत जमलेलं ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, मे महिन्यात फसलं. का फसलं ते कळायला मला अकरा दिवस लागले, आणि कारण तर डोक्यावरच होतं: आमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब.

माझ्याकडे इंटेलचा कोअर आय५ ८६००के प्रोसेसर आहे. सहा कोअर, मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, टर्बोत ४.३. नावातल्या शेवटच्या 'के'चा अर्थ मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) खुला आहे, म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो आपल्याला वाढवता येतो. थंडीत मी तो ४८ केला. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्यामुळे वेग ४.८ गिगाहर्ट्झ झाला. व्होल्टेज दिलं १.३०. मग रात्रभर प्राइम९५ चालवलं. हा प्रोग्राम खरं तर मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी आहे, पण प्रोसेसरला घाम फोडण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तो स्वतःची गणितं तपासत राहतो आणि उत्तर जरा जरी हललं तरी तिथेच थांबतो. माझं उत्तर सकाळपर्यंत हललं नाही. कमाल तापमान ७९. मी खूश.

मे उजाडला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो, त्यामुळे हाच माझा सीझन. एका दुपारी रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवणं) ७० टक्क्यांवर असताना निळा स्क्रीन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिला संशय यूपीएसवर गेला, कारण आमच्याकडे दुपारी लाइटचा लपंडाव चालू होता. दोन दिवस त्यातच गेले. मग रॅम. एक्सएमपी (रॅमला वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे काढले, एकही चूक नाही. एक्सएमपी चालू करून पुन्हा चार, तरी नाही. रॅमची माफी मागितली.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, मी पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं. तिथे व्हीआ-लॉगर (WHEA, हार्डवेअरच्या चुका टिपणारा विंडोजचा भाग) याच्या १९ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती: करेक्टेड हार्डवेअर एरर, इंटर्नल पॅरिटी एरर. मशीन पडायच्या आधी कितीतरी वेळा प्रोसेसरने चूक केली होती आणि ती स्वतःच निस्तरली होती. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर अशा नोंदी दिसल्या की पहिला संशय कोअरला व्होल्टेज कमी पडतंय असाच घ्यायचा.

कमी पडतंय ना, मग वाढव. १.३४ केलं. रात्री झकास चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी निळा स्क्रीन आला नाही, पण रेंडर बैलगाडीसारखं रांगायला लागलं. तापमान बघितलं तर १००. तिथे पोचल्यावर हा प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते. १.३० वरून १.३४ म्हणजे दिसायला तीन टक्के, पण उष्णता सहा टक्क्यांच्या वर. आणि सिलिकॉन जितकं तापेल तितकं त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज मागतं. मी आगीत तेल ओतत होतो, आणि वर तेल कमी पडतंय म्हणत होतो.

आई जेवायला बोलवायला वर आली. मी केस उपटत बसलेलो. तिने कॅबिनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊन लागलं त्याले. कांदा ठेव जवळ." खाली जाऊन खरंच एक कांदा आणून वर ठेवला.

हसलो, आणि मग हसू थांबलं. वहीतल्या क्रॅशच्या वेळा काढल्या. एकूण सात, आणि सगळ्या दुपारी एक ते पाचच्या मधल्या. रात्री अकरानंतर एकही नाही. दुपारी तीनला तापलेल्या स्लॅबखालच्या या खोलीत थर्मामीटर लावला: ३७. जानेवारीतल्या त्या रात्री २१ होतं. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) काही फ्रिज नव्हे, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाही. खोली १६ अंशांनी चढली की प्रोसेसरही तेवढाच चढणार. १.३० वर परत आणून जुनीच टेस्ट भर दुपारी लावली. बाराव्या मिनिटाला एक कोअर थांबला: राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी, थोडक्यात गणित चुकलं. तापमान ९८. म्हणजे ७९ मध्ये खोलीचे १६ मिळवले तरी तीन अंश उरतात.

ते तीन अंश कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत सापडले. कूलरच्या गवताचा भुसा आणि धूळ यांची गादी जमली होती. मीच कॅबिनेट कूलरच्या झोतात सरकवलं होतं, गार हवा मिळेल म्हणून. हवा गार होतीच, पण ओलसर, आणि ओल्या जाळीवर धूळ पिठासारखी चिकटते. जाळी धुतली, हीटसिंक ब्रशने साफ केला, बर्डीच्या बाजारातून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातला लेप) आणून नवीन लावली, कॅबिनेट झोतातून बाजूला घेतलं. या पिढीत प्रोसेसरच्या झाकणाखालीसुद्धा सोल्डर नाही, पेस्टच आहे. काही बहाद्दर झाकण काढून ती बदलतात. माझी छाती झाली नाही, सीझनमध्ये तर नाहीच.

शेवटी ४.६ वर उतरलो, व्होल्टेज १.२४. एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स नावाच्या जड सूचना चालताना मल्टिप्लायर किती उतरवायचा तो आकडा) दोन ठेवला, कारण व्हिडिओ एन्कोड करताना ज्या एव्हीएक्स सूचना चालतात त्या प्रोसेसरला सर्वात जास्त तापवतात. म्हणजे त्या वेळी तो ४.४ वर चालतो. पन्नास मिनिटांचं रेंडर आता चौपन्न मिनिटांत होतं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तेव्हा भर दुपारी तीन तास टेस्ट चालवली, ८४ च्या वर गेलं नाही. व्हीआची नवीन नोंद नाही.

बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल आहेत, एकाचं नाव 'मे', दुसऱ्याचं 'थंडी'. 'थंडी' दिवाळीनंतर लावेन. आईचा कांदा अजून कॅबिनेटवरच आहे. त्याला कोंब फुटलाय.