शॅडोवरून सॉफ्टेलवर

मी हार्ले घेतल्याचं कळल्यापासून कोल्हापूरहून अभिनंदनाचे फोन सुरू आहेत. भाचा तर म्हणाला, "मावशी, शेवटी खरी बाइक घेतलीस!" हे मला अजिबात पटत नाही. माझी होंडा शॅडो स्पिरिट ११०० सोळा आणे खरी होती. तिला कंटाळून मी ती विकली नाही. हार्लेचं माहेर असलेल्या मिलवॉकीत राहतेय, तर ते इंजिन स्वतःच्या हातांनी जाणून घ्यावं, एवढंच मनात होतं.

मुळात जपानी आणि अमेरिकी ही वाटणी दिसते तितकी सरळ नाही. माझी शॅडो ओहायोतल्या मेरिसव्हिलची. होंडाने तिथे १९७९ पासून २००९ पर्यंत मोटरसायकली बनवल्या. १९८३ मध्ये हार्ले बुडायच्या बेतात असताना रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींचं शुल्क ४.४ वरून ४९.४ टक्क्यांवर नेलं. होंडाने लगेच ७५० ची शॅडो अमेरिकेसाठी ७०० ची करून दाखवली. आणि हार्लेने १९८७ मध्ये, मुदत संपायच्या आधीच, आता हे संरक्षण नको असं सरकारला कळवलं. दोघांबद्दलही मला मनापासून आदर वाटतो.

खरा फरक क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्यात आहे. हार्लेच्या दोन सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारे दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या एकाच खुंटीवर. म्हणून दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं. क्रँक ३१५ अंश फिरल्यावर एक होतो, पुढचा ४०५ अंशांनी. तो लंगडता ठेका येतो तो इथून. माझ्या स्पिरिटमध्ये दोन वेगळ्या क्रँकपिना होत्या, त्यामुळे कंप जेमतेमच जाणवायचा. पण त्याच होंडाने १९९५ च्या शॅडो एसमध्ये (ACE, अमेरिकन क्लासिक एडिशन) मुद्दाम एकच पिन घातली, कारण गिऱ्हाइकांना तोच ठेका हवा होता. हार्लेने १९९४ मध्ये या आवाजाचा ट्रेडमार्कच मागितला. बराच वाद झाला आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला.

माझी गाडी हार्लेच्या सॉफ्टेल मालिकेतली, २०१८ ची स्ट्रीट बॉब, इंजिन १७४६ सीसीचं. आत कंप शमवणारे दोन बॅलन्सर आहेत, म्हणून सिग्नलला ठेका ऐकू येतो, पण हँडल थरथरत नाही. होली हिलच्या चढावर गिअर उतरवावा लागत नाही. मूठ जराशी पिळली की गाडी खालूनच ओढ घेते. हे सुख मला शॅडोवर मिळालं नव्हतं.

हातांना मात्र नव्याने शिकवावं लागलं. होंडाचे इंडिकेटर एकाच डाव्या बटणावर. हार्लेत डावा डाव्या हाताशी, उजवा उजव्या हाताशी, आणि वळण झालं की आपोआप बंद.

सर्व्हिसिंग मी घरीच करते आणि सगळ्यात जास्त जीव त्यातच रमतो. शॅडोत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच तेल. चेनऐवजी मागचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टचं तेवढं वेगळं. हार्लेत इंजिनाचं एक, प्रायमरीचं, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या साखळीच्या कप्प्याचं दुसरं, गिअरबॉक्सचं तिसरं. प्रत्येकाचा ड्रेन प्लग वेगळा, आणि प्लगच्या टोकाला लोहचुंबक. तो काढला की त्यावर राखाडी लेप बसलेला दिसतो, बोटांवर घासला तर काजळासारखा मऊ लागतो. तोवर सगळं ठीक. कण खरखरीत लागले किंवा कपची दिसली, तर गाडी उघडायची वेळ आली. शॅडोने माझ्याकडून एवढं लक्ष कधी मागितलंच नाही. तिचं मोठेपण मी त्यातच मानते.

म्हणूनच शिकायला किंवा नोकरीला इकडे येणाऱ्या मुलामुलींनी विचारलं, तर पहिली गाडी म्हणून मी आजही वापरलेली जपानी क्रूझरच सुचवते. शक्यतो शाफ्टवाली घ्या, म्हणजे चेनची उस्तवार नको. पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात गाड्या महिनोन् महिने गॅरेजात उभ्या असतात, त्यामुळे किलोमीटर कमी पण टायर म्हातारे, अशा गाड्या इथे पुष्कळ मिळतात.